बारवेकडचं दार

सरजामावशी सेलूला आली तेव्हा तिला राहायला जी जागा मिळाली, ती गावात दुसऱ्या कुणालाच नको होती. जुन्या गावाच्या उताराला एक मोठा खड्डा होता. चहूबाजूंच्या घरांनी त्याच्याकडं पाठ केलेली. घराघरातला केर, चुलीतली राख, कापसाच्या जिनिंगमधली सडकी सरकी, पडक्या भिंतींचा मलबा, मेलेलं कुत्रं-मांजर, सगळं त्यात जायचं. वर वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत डुकरं लोळायची. त्या खड्ड्याच्या दक्षिणेच्या काठावर एक पडीक पट्टी होती. नागनाथ आणि सरजा या नवरा-बायकोनं तिथं मातीच्या भिंती घातल्या, वर पत्रे टाकले.

साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात खेडोपाडी बौद्ध वस्त्या जळाल्या. मावशी ज्या खेड्यात नांदत होती, तिथलं तिचं घर कणगीतल्या ज्वारीसकट गेलं. पुढं मी तिच्याकडं भाड्यानं राहिले, पण त्या गावाचं नाव तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "तिकडं" म्हणायची, बस्स. नागनाथचा एक चुलतभाऊ सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला होता, त्याच्या आधारानं दोघं आली. त्यांच्यामागून आणखी काही घरं आली आणि काठावर एक ओळ तयार झाली. सगळ्यांची दारं बोळाकडं आणि पाठ खड्ड्याकडं. मागच्या भिंतीत कुणी साधा झरोकासुद्धा ठेवला नव्हता. वास यायचा, साप यायचे.

"आठ वर्सं त्या भितीला टेकून निजले," मावशी मला सांगायची, "पर तिच्या पल्याड काय हाय ते कदी मनात आलं न्हाई बगा."

मग दुष्काळ पडला. सेलूत टँकर यायला लागले आणि नळाला पाण्याऐवजी नुसती हवा यायला लागली. खड्ड्याच्या जागी पूर्वी विहीर होती असं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, म्हणून नगरपालिकेनं ठरवलं की कचरा उपसून तिथं बोअर घ्यायचं. दुष्काळी काम निघालं. काठावरच्या ओळीतल्या बाया-माणसं कामाला लागली. काम दारात होतं आणि तो वास त्यांच्या नाकाला नवा नव्हता.

आधी बाभळी तोडल्या. मग राख निघाली, राखेखाली राख, मऊ, करडी. बायांचे चेहरे, पदर, पापण्या सगळं करडं व्हायचं. राखेखाली विटा, खापरं, कुजलेली सरकी. मावशी टोपल्या वाहायची. एके दिवशी खणणारा गडी तापानं आला नाही, म्हणून मुकादमानं तिच्या हातात कुदळ दिली. दुपारच्या सुमाराला कुदळ टणकन वाजली.

"दगुड लागला," ती म्हणाली.

"बाजूनं घे," मुकादम म्हणाला. "उचकटून काढ."

ती बाजूनं खणत गेली. दगड संपेना. हात-दोन हात माती काढली तरी कड सरळच्या सरळ, सुतात धरल्यासारखी. तिनं पदरानं वरची माती पुसली. काळा पाषाण, वरून गुळगुळीत, मधोमध जरासा झिजलेला. माणसांचे पाय पडून पडून उंबरा झिजतो तसा. तिनं तळवा टेकवला. बाहेर उन्हानं अंग भाजत होतं आणि दगड गार होता.

"मुकादम," तिनं हाक मारली, "ह्यो उचकटायचा दगुड न्हाई. पायरी हाय ही."

मुकादम खाली उतरून आला, वाकला, दोन्ही हातांनी माती बाजूला करायला लागला. तिथून थोडं खाली दुसरी पायरी लागली. मग तिसरी. त्या दिवशी कुणी टोपली उचलली नाही. बाया-गडी सगळे त्या तीन पायऱ्यांभोवती उकिडवे बसून बघत राहिले. पायऱ्या खाली चालल्या होत्या आणि खाली तर नुसता उकिरडा होता.

"कुठं जात असतील?" एकीनं विचारलं.

बोअरचं नाव मागं पडलं. आता जो तो पायऱ्यांच्या मागं लागला. चारी बाजूंनी त्या निघत गेल्या, वर रुंद आणि खाली उतरत उतरत अरुंद. मध्ये माणसानं दम खावा असे सपाट टप्पे. टप्प्यांवर भिंतीत कोनाडे, प्रत्येक कोनाड्याला बारीक नक्षीची चौकट. एका कोनाड्यात राखेनं माखलेली एक दगडी बाई सापडली, कमरेवर घागर घेतलेली. मावशीनं आपल्या प्यायच्या पाण्यातून थोडं ओतून तिचं तोंड धुतलं. दगडी बाईच्या गळ्यातल्या साखळीची कडी न् कडी दिसायला लागली.

"माय माय माय," मावशी पुटपुटली. मला हे सांगतानाही ती तिथंच थांबायची आणि तळवा हवेत तसाच धरायची.

गाव बघायला लोटलं. पेडगावाकडून, झरीकडून बाजाराला आलेले शेतकरी बैलगाड्या सोडून काठावर उभे राहायचे. शाळेची पोरं यायची. कुणी म्हणायचं ही बारव, ही पायऱ्यांची विहीर, यादवांच्या काळातली, कुणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत बांधली. मावशीला यातलं काही पटायचं नाही. "एका रातीत?" ती म्हणायची. "आमाला नुसता उकिरडा काढायला उन्हाळा गेला. ज्यांनी ह्ये दगुड घडवले त्यांची बोटं कसली असतील!" ती कोण माणसं, कुठून आली, त्यांच्या बायकांनी त्यांना भाकरी कशात बांधून दिली, याचाच तिच्या डोक्यात विचार. संध्याकाळी घरी जाऊन ती नागनाथला सांगायची. जिनिंगमध्ये दिवसभर कापसाचे तंतू नाकातोंडात गेलेला तो थकला माणूस ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "दगडंच की गं." पण रविवारी सुट्टीला तोही काठावर जाऊन उभा राहायचा.

तळाशी चौकोनी कुंड लागलं. त्यातला गाळ काळा, लोण्यासारखा. मावशी गुडघाभर गाळात उभी राहून पाट्या भरून देत होती. एका सकाळी तिच्या पावलांना गारवा लागला. तिला वाटलं घाम. खाली बघते तर गाळाच्या कडेनं, दोन दगडांच्या सांध्यातून बारीकशी चमकती रेघ चालली होती. तिनं बोट लावलं. पाणी. तिनं फावडं खाली ठेवलं आणि ओरडायचं सोडून गप्प उभी राहिली.

"आवाज करावा वाटंना," ती म्हणायची. "लाजून पुन्ना आत जाईल असं वाटलं."

दुपारपर्यंत घोट्याएवढं झालं. वरच्या बायांनी घागरी खाली सोडल्या. पहिलं पाणी गढूळ होतं, दुसऱ्या दिवशी निवळलं. ज्या वर्षी आजूबाजूच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते, त्या वर्षी सेलूच्या उकिरड्यातून पाणी निघालं. ज्यांनी ते काढलं ती माणसं गाळानं काळी होऊन पायऱ्यांवर बसली होती. त्या दिवशी पाण्याला कोण शिवलं, कुणी आधी भरलं, याची चौकशी करायचं भान कुणालाच नव्हतं. हे मावशीच्या लक्षात आलं ते कितीतरी दिवसांनी. लक्षात आलं तेव्हा ती चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि तव्यावरची भाकरी करपली.

भान नंतर आलं, आणि ते वेगळ्या वाटेनं आलं. बारव स्वच्छ झाली, पालिकेनं सुटलेले दगड बसवायला मुंजाजी गवंड्याला लावलं आणि गावातल्या प्रतिष्ठितांची एक समिती झाली. समितीत व्यंकटराव पुढं होते. बारवेच्या उत्तरेला त्यांचा मोठा चिरेबंदी वाडा, शेतीवाडी भरपूर. माणूस वाईट नव्हता, पण बोलण्याची सवय हुकमाची. एक दिवस ते काठावर उभे राहून दक्षिणेच्या ओळीकडं हात करून म्हणाले, "एवढी देखणी बारव निघाली, अन् तिच्या डोक्यावर ही टपरं? शोभा जायलीय. यांना रेल्वेच्या पल्याड जागा देऊ. मुख्याधिकारी साहेबांना बोललोय मी."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत ओळीत पोचली. नागनाथनं सदऱ्यावरचे कापसाचे तंतू झटकले. मग म्हणाला, "म्हंजे पुन्ना उठायचं."

"कोण म्हणतं?" मावशी म्हणाली.

"व्यंकटराव म्हणतेत."

"म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुंजाजीकडं गेली. तो बारवेच्या दुसऱ्या टप्प्यावर सांधे भरत बसला होता.

"मुंजाजीभाऊ, एक भीत फोडायची हाय."

"कोणची?"

"माझ्या घराची. मागली."

मुंजाजीनं थापी खाली ठेवली. "कामून? बारवेकडची?"

"दार करायचंय."

"सरजाबाई, तुमाला उठवायलेत अन् तुमी दार करायलाव?"

"तुमी येता का न्हाई तेवढं सांगा."

मुंजाजी आला. भिंत मातीचीच, फार वेळ लागला नाही. नागनाथनं जिनिंगच्या भंगारातून एक जुनं सागवानी दार मागून आणलं होतं. बाकीची ओळ बोळातून डोकावून हसत होती. पहारीच्या घावानं भिंतीला पहिलं भोक पडलं आणि उजेडाची एक सरळसोट काठी समोरच्या उतरंडीवर जाऊन आदळली. मडक्यांवरची काजळी, कोपऱ्यातली कोळिष्टकं, बाबासाहेबांच्या तसबिरीची काच, आठ वर्षांत न दिसलेलं सगळं दिसायला लागलं. भोक मोठं होत गेलं तसा उजेड जमिनीवर पसरला. शेवटचा ढिगारा बाजूला झाला तेव्हा मावशी पुढं झाली आणि त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. पायांखालून पायऱ्या उतरत गेल्या होत्या आणि तळात आभाळ पडलं होतं, ढगासकट.

"रोज तिथं खाली उतरत होते मी," ती मला म्हणाली. "कोपरा न् कोपरा माझ्या हातचा. पर घरात हुबं राहून बगितलं आन् छातीत धस्स झालं. ह्ये माज्या घराम्होरं हाय? माज्या?"

हसणाऱ्या बाया एकेक करून आत आल्या आणि दारापाशी येऊन एकमेकींना सारून बघायला लागल्या. पुढच्या पंधरवड्यात ओळीतल्या जवळजवळ सगळ्या घरांनी मागची भिंत फोडली. दारांपुढं ओटे घातले, सारवले, पांढरी माती दिली, ओट्यांवर तुळशीबिळशी नाही, पण झेंडूची रोपं लावली.

मुख्याधिकारी आले ते ही ओळ उठवायची पाहणी करायला. व्यंकटरावांनी त्यांना थेट खाली कुंडापाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. साहेब बघत राहिले. त्यांना घरांच्या पडक्या पाठी दिसतील असं सांगितलं होतं. वर तर पांढरी घरं उभी होती, दारं उघडी, ओट्यांवर बाया धान्य निवडत बसलेल्या.

साहेब पायऱ्या चढून मावशीच्या ओट्यापाशी आले, दम लागला होता. "ही घरांची मागची बाजू ना?" त्यांनी विचारलं.

"होती," मावशी म्हणाली. "आता हीच म्होरली."

साहेबांनी वळून बारवेकडं बघितलं, जशी ती त्या दारातून दिसते तशी. व्यंकटरावांशी ते काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. पण ओळ उठली नाही. पालिकेनं काठाला दगडी कठडा घातला, ओट्यांपुढून फिरायला फरसबंदी वाट केली आणि दिव्याचे दोन खांब रोवले.

व्यंकटरावांची आई, धुरपताबाई, तेव्हा खूप थकल्या होत्या. बारव निघाली तरी त्यांनी ती बघितली नव्हती. त्यांच्या माजघराला तिकडून भिंतच होती. एका दुपारी सून झोपली असताना त्या काठी टेकत एकट्याच निघाल्या आणि उत्तरेच्या पायऱ्यांवरून खाली उतरल्या. उतरल्या, पण वर चढता येईना. कुंडाशेजारी बसून राहिल्या. मावशीनं आपल्या ओट्यावरून बघितलं आणि खाली धावली.

"हात द्या, काकू."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. कोण आहे ते ओळखलं. मग हात दिला. दोघी हळूहळू दक्षिणेच्या बाजूनं वर आल्या, कारण त्या बाजूच्या पायऱ्या जरा बुटक्या आहेत. वर येऊन धुरपताबाई मावशीच्या ओट्यावरच टेकल्या. पाणी त्यांनी मागितलं नाही आणि मावशीनंही विचारलं नाही. दोघी खाली बघत बसल्या.

"लगीन होऊन आले तवापून," धुरपताबाई म्हणाल्या, "रोज सकाळी चुलीतली राख म्या या खड्ड्यात टाकली. सासूनं दावलं, हितं टाकायची. तिला तिच्या सासूनं दावलं आसंल." त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. "माज्या हातची राख काढलीस गं तू."

"सगळ्यांचीच व्हती, काकू," मावशी म्हणाली.

त्या वर्षी दिवाळीच्या आत व्यंकटरावांच्या वाड्याची मागची भिंत फुटली. मोठं दार, लोखंडी जाळी, हिरवा रंग. मग पूर्वेची घरं, मग पश्चिमेची. ज्या खड्ड्याकडं सगळ्या गावानं पाठ केली होती, त्याच्याभोवती सगळी घरं तोंड वळवून बसली.

मी सेलूच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले ती या सगळ्यानंतर. खोली शोधत हिंडत होते. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच दिलेली असायची. कुणीतरी म्हणालं, बारवेवर सरजाबाईनं पक्कं घर बांधून माडी चढवलीय, तिथं बघा. मावशीनं मला जिन्यानं वर नेलं, खोली अंधारीच होती, आणि काही न बोलता तिनं खिडकीचं दार ढकललं.

मी परभणीची. बारवा मी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण घराच्या खिडकीखाली अख्खा डोंगर उलटा कोरून ठेवावा तशी ती काळी उतरण, आणि तळाशी ते निश्चल पाणी. मी खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिले. मावशी माझ्याकडं बघत होती. येणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा ती असा बघायची.

"राहता का?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

तिथं राहणं म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं. सकाळी ऊन कुंडावर पडलं की पाण्याची जाळी माझ्या छतावर हलायची. उन्हाळ्यात दुपारी खालून गार वाफ वर यायची आणि साऱ्या ओट्यांवर माणसं निजायला यायची. खाली बोललेलं कुजबुजणं वर स्पष्ट ऐकू यायचं, त्यामुळं बारवेत कुणी कुणाची चुगली करत नसे. मावशीनं कपडे धुवायला वरचा टप्पा ठरवून दिला होता, आणि व्यंकटरावांकडची मोलकरीण खाली साबण घेऊन उतरली तर ती ओट्यावरूनच ओरडायची, "ए बाई, ते प्यायचं पाणी हाय!" तिला कुणी नेमलं नव्हतं. आता तीही जिनिंगला कामाला होती; जायच्या आधी रोज एक बाजू झाडायची. दगडी बाईच्या कोनाड्यापाशी आली की झाडू बाजूला ठेवून पदरानं पुसायची. पूजा कधी केली नाही. "देव न्हाई ती," म्हणायची, "पाण्याला आलेली बाई हाय."

एक पावसाळा असा झाला की पाणी टप्प्यामागून टप्पा गिळत वर आलं. ओट्यांखालच्या सगळ्यांत वरच्या पायऱ्यांना भिडलं. ओळीतली माणसं सामान बांधायला लागली. मावशी मात्र कठड्यापलीकडच्या वरच्या पायरीवर पाय खाली सोडून बसली होती, तळवे पाण्यात. मी घाबरून म्हणाले, "मावशी, आत या, आणखी वाढलं तर?"

"बसा हितं," ती म्हणाली.

मी बसले. पाणी काळंभोर, आणि इतकं जवळ की समोरचा वाडा, त्याचं हिरवं दार, आमची पांढरी ओळ, सगळं एकाच पाण्यात उभं होतं. पाऊस थांबला होता. कुठंच आवाज नव्हता. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

"आमच्या तिकडं," ती म्हणाली, "हिरीच्या थारोळ्याजवळ हुबं राहून आमी वाट बगायचो. कुणीतरी वरून वतंल म्हणून." पाणी त्याहून वर चढलं नाही. चार दिवसांनी उतरायला लागलं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला बारवेवर गर्दी होती. बाया सुगडं घेऊन उतरत होत्या. दिवसा बातमी आली की विद्यापीठाचं नामांतर झालं. नागनाथ कामावरून धावतच आला, इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा धावताना बघितलं. ओळीतल्या पोरांनी निळा झेंडा कठड्याला बांधला. पेढे आले. वरून पेढे वाटत उतरणारे आणि खालून तिळगूळ घेऊन चढणाऱ्या बाया मधल्या टप्प्यावर एकमेकांसमोर आल्या आणि क्षणभर सगळेच थांबले. मग व्यंकटरावांच्या सुनेनं तिळगूळ पुढं केला, नागनाथनं पेढा. काही बाया मागच्या मागं वळून दुसऱ्या बाजूनं वर गेल्या, हेही खरं.

मावशी त्या गर्दीत नव्हती. मी तिला शोधत घरात गेले. ती तसबिरीपुढं बसली होती. "झालं म्हणं," ती म्हणाली. "पाटी लागंल आता. सोळा वर्सांत किती माणसं गेली, बाई." मग उठून तिनं तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांत पेढे वाटले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या सकाळी सामान रिक्षात चढवत होते, गाडीची वेळ झाली होती. तेवढ्यात ओट्यावरून मावशीची दबकी हाक आली.

"बाई, बिगीनं या! आवाज करू नका."

मी गेले. तिनं बोट दाखवलं. पाण्यालगतच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात, एक कासव मान लांब करून बसलं होतं. तळहाताएवढं.

"कुणी आणून सोडलं असेल," मी म्हणाले.

"कोण सोडंल? मी रोज बगते की. कुणी न्हाई सोडलं." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "कोरड्या गावात, चहूकडून दगुड, मदी पाणी. त्याला कसं कळलं वं, हितं पाणी हाय म्हणून?"

रिक्षावाला बोळातून भोंगा वाजवत होता. कासवानं मान वळवून वर बघितलं, आणि आम्ही दोघी कठड्याला टेकून बघत उभ्या राहिलो.